जुन्या टाकीतील नवा समुद्र

समुद्र घरात आणून ठेवण्याची माणसाची हौस फारशी जुनी नाही. गोड्या पाण्यातील मासे कुंडात आणि हौदात पाळण्याची प्रथा चीनमध्ये शतकानुशतके चालत आली. परंतु खाऱ्या पाण्यातील जीव किनाऱ्यापासून दूर नेला की तो फार दिवस टिकत नाही, असाच बहुतेकांचा अनुभव होता. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सर्वसामान्यांसाठी मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याचे वेड इंग्लंडमध्ये पसरले. तरीही प्रवाळे घरच्या टाकीत क्वचितच जगत. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी वेगळाच मार्ग दाखवला. समुद्रातील सच्छिद्र खडक, त्यावरच्या आणि त्याच्या पोटातल्या असंख्य सूक्ष्म जीवांसह टाकीत ठेवावा, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडावेत, म्हणजे प्रवाळेही जगतात, हे त्यांनी मांडले. अशा खडकाला पुढे ‘जिवंत खडक’ हे नाव पडले. आजचे प्रवाळ-मत्स्यालय मुख्यतः याच निरीक्षणावर उभे आहे.

हा छंद जर्मनी, अमेरिका, जपान अशा देशांत विशेष वाढला आणि त्याबरोबर जुन्या टाक्यांचा बाजारही वाढला. कोणी गाव बदलतो, कोणाला विजेचे बिल परवडेनासे होते, कोणाचे मासे एकाएकी मरतात आणि मन विटते. मग टाकी, तिची घडवंची, दिवे, पंप असे सारे सामान निम्म्याहून कमी किमतीत विकायला निघते. भारतातील मोठ्या शहरांतही अशा टाक्या हातोहात फिरतात. घेणाऱ्याला वाटते, आपण एक पेटी विकत घेतली. वस्तुतः त्या पेटीबरोबर आधीच्या मालकाने केलेले सगळे बरेवाईट उपचारही घरी येतात. ते ओळखणे आणि त्यांतले घातक तेवढे काढून टाकणे हेच जुन्या टाकीचे खरे काम होय.

अशी टाकी पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकची असते. अ‍ॅक्रिलिक हे पारदर्शक प्लास्टिक १९३० नंतरच्या दशकात जर्मनी आणि इंग्लंड येथे बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या खिडक्यांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर उघडले, तेव्हा त्यात बसवलेला बोगदाही अ‍ॅक्रिलिकचाच होता. काचेची घनता पाण्याच्या सुमारे अडीच पट, तर अ‍ॅक्रिलिकची जेमतेम १.१९ पट. म्हणजे त्याच मापाची टाकी निम्म्याहून कमी वजनाची होते. धक्का लागला तर काचेसारखे ते तडकन फुटत नाही, आणि कितीही जाड घेतले तरी त्यावर हिरवट छटा येत नाही. दोष एकच, पण मोठा: ते मऊ आहे. नखाने नव्हे, पण वाळूच्या एका कणाने त्यावर ओरखडा उठतो. दुसरे असे की, काचेला जे काही होत नाही अशा कित्येक द्रवांनी त्याचे कायमचे नुकसान होते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी टाकी उजेडात नीट पाहावी. बॅटरीचा झोत सांध्यावर तिरका धरला की आतले दोष दिसू लागतात. अ‍ॅक्रिलिकचे सांधे सिलिकॉनने चिकटवलेले नसतात. विशिष्ट द्रावकाने दोन्ही कडा विरघळवून त्या एकजीव केलेल्या असतात. सांध्यात एखाददुसरा बुडबुडा असणे चालते. मात्र बुडबुड्यांची सलग रांग, पांढुरकी झालेली रेषा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर ती टाकी सोडून द्यावी. काचेची टाकी गळू लागली तर जुने सिलिकॉन खरवडून नवे भरता येते. अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन घट्ट धरत नाही, म्हणून तो उपाय येथे भरवशाचा नाही. टाकीच्या वरच्या कडेला आतून फिरवलेली पट्टीही अखंड हवी. पाण्याच्या दाबाने अ‍ॅक्रिलिकच्या भिंती फुगतात. ही पट्टी त्यांना धरून ठेवते. पंपाची नळी बसावी म्हणून आधीच्या मालकाने ती कापली असेल, तर ती टाकी स्वस्त मिळाली असे समजू नये.

याहून महत्त्वाची चौकशी डोळ्यांनी होत नाही, ती विचारूनच करावी लागते. या टाकीत कधी तांब्याचे औषध घातले होते काय? सागरी माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके पाडणारा एक परजीवी रोग आहे. त्यावर तांब्याचे क्षार हे जुने आणि गुणकारी औषध. मासा त्यातून वाचतो. परंतु कोळंबी, शंख, समुद्रफूल, प्रवाळ अशा पाठीचा कणा नसलेल्या जीवांना अत्यल्प तांबेही मारक ठरते. चुनखडीच्या वाळूत आणि खडकांत ते मुरते आणि महिनोन्‌महिने थोडे थोडे पाण्यात उतरत राहते. विकणारा मनुष्य हे लपवतोच असे नाही. बहुधा तो विसरलेला असतो. म्हणून जुन्या टाकीबरोबर मिळालेली वाळू, ती कितीही स्वच्छ दिसली तरी, टाकून द्यावी हेच शहाणपणाचे. खडकांचा इतिहास खात्रीने ठाऊक नसेल तर त्यांनाही तोच न्याय लावावा. टाकी धुऊन झाल्यावर तीत दोन दिवस पाणी ठेवून ते तांबे तपासण्याच्या संचाने पाहिले म्हणजे शंका उरत नाही.

आता प्रत्यक्ष सफाई. रिकाम्या टाकीच्या भिंतींवर दोन प्रकारचे थर असतात. एक, वाळलेल्या मिठाचा आणि शेवाळाचा. तो कोमट पाण्यात भिजवला की सुटतो. दुसरा चुनखडीचा, पुष्कळदा जांभळट. तो एका प्रकारच्या चुनेदार शेवाळाने भिंतीवर लिंपलेला असतो आणि दगडासारखा चिकटतो. तो पाहून पहिला हात जातो तो दाढीच्या पात्याकडे किंवा भांडी घासायच्या तारेच्या घासणीकडे. काचेवर पाते चालते. अ‍ॅक्रिलिकवर दोन मिनिटांत कधीही न भरून येणारी रेघोट्यांची नक्षी उमटते. योग्य उपाय सावकाश आहे. साधे पांढरे व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व घ्यावे, जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून थरावर चिकटवाव्यात आणि काही तास तशाच ठेवाव्यात. आम्लामुळे चुना विरघळतो, बारीक फेस येतो आणि थर सैल होतो. मग प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने तो अलगद उचलावा. एका वेळी निघाला नाही तर पुन्हा पट्ट्या लावाव्यात. पंप आणि नळ्याही याच द्रवात बुडवून ठेवल्या की मोकळ्या होतात.

काय वापरू नये, याची यादी मात्र पक्की लक्षात ठेवावी. खिडक्यांच्या काचा पुसण्याच्या द्रवांत बहुधा अमोनिया किंवा अल्कोहोल असते. ते, तसेच स्पिरिट, थिनर आणि नखांचा रंग काढण्याचा द्रव, अ‍ॅक्रिलिकला लागले की त्याच्या अंगात सूक्ष्म भेगा पडतात. त्या त्याच क्षणी दिसतीलच असे नाही. टाकी पाण्याने भरून तिच्यावर ताण आला म्हणजे त्या उघड होतात. उकळते पाणी ओतू नये, कारण त्या उष्णतेने हे प्लास्टिक नरम पडते. साबण आणि भांड्यांचा डिटर्जंट पावडर यांचा अंश कोपऱ्यात राहिला तर पुढे पाण्याला फेस येतो आणि जीवांना अपाय होतो. त्यांना टाकीजवळ येऊच देऊ नये.

रोगजंतूंचा बंदोबस्त करायचा असेल तर कपडे धुण्याचे, सुवास नसलेले साधे द्रवरूप ब्लीच एक भाग आणि पाणी वीस भाग असे द्रावण अर्धा तास टाकीत फिरवावे, नंतर वारंवार धुवावे आणि टाकी उन्हाची थेट तिरीप न लागता पूर्ण वाळू द्यावी. उरल्यासुरल्या क्लोरिनसाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे शेवटच्या पाण्यात विरघळवावेत. येथे एक धोका आहे आणि तो माशांना नव्हे, माणसाला आहे. व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन हा विषारी वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. म्हणून आम्लाचे काम एका दिवशी संपवावे, टाकी भरपूर पाण्याने धुवावी, आणि ब्लीचचे काम दुसऱ्या दिवशी, उघड्यावर करावे.

ओरखड्यांची चिंता फार करू नये. आतल्या बाजूचे बारीक ओरखडे पाणी भरल्यावर बरेचसे दिसेनासे होतात. बाहेरच्या ओरखड्यांसाठी रंगारी वापरतात तो पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर घ्यावा: आधी आठशे क्रमांकाचा, मग हजार, पंधराशे, दोन हजार असा अधिकाधिक बारीक. पहिल्या घासणीनंतर तो भाग धुरकट होतो आणि नवशिक्याला धडकी भरते. प्रत्येक पुढच्या कागदाने तो उजळत जातो आणि शेवटी अ‍ॅक्रिलिकच्या पॉलिशने पूर्ववत पारदर्शक होतो. काचेला ही सोय नाही.

टाकी स्वच्छ झाली की ती कोठे ठेवायची, हा प्रश्न येतो, आणि येथे थोडे गणित केलेले बरे. आतून १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि पाण्याची उंची ५० सेंटिमीटर अशी मध्यम टाकी घेतली, तर तीत २७० लिटर पाणी मावते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून किंचित जड. त्याचे वजन सुमारे २७७ किलो भरते. खडक, वाळू, टाकी आणि घडवंची धरली तर एकूण भार ४०० किलोच्या आसपास जातो, आणि तो अर्ध्या चौरस मीटरवर उभा असतो. राहत्या खोल्यांची जमीन बांधताना आपल्याकडे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा चल भार गृहीत धरतात. तो भार खोलीभर विभागला जातो हे खरे. तरीही वरच्या मजल्यावर अशी टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईवर, भिंतीला लागून ठेवावी, आणि इमारत जुनी असेल तर जाणकाराला विचारावे. अ‍ॅक्रिलिकच्या टाकीचा तळ सर्वत्र सारखा टेकलेला असावा लागतो. केवळ कडांवर आधार देणारी लोखंडी चौकट तिला चालत नाही. चौकटीवर जाड प्लायवूड, त्यावर फोमचा पातळ थर, आणि गवंड्याची पाणसळ दोन्ही दिशांनी लावून पाहिलेली पातळी, एवढे झाल्यावरच टाकी चढवावी. नंतर नळाचे पाणी टप्प्याटप्प्याने भरून दोन दिवस तसेच ठेवावे. बाहेरून सांध्यांवर कोरडा कागद फिरवला की बारीकशी गळतीही कळते.

पाणी आणि वीज शेजारी नांदवायची असल्याने घरात गळती-प्रवाह तोडणारे तीस मिलिअँपियरचे स्विच असावे. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब सॉकेटमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडतो.

त्यानंतरचे काम समुद्र तयार करण्याचे. शहराजवळच्या किनाऱ्यावरचे पाणी आणू नये. त्यात सांडपाणी आणि तेल मिसळलेले असते. स्वयंपाकाचे मीठही उपयोगी नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोरिन यांचाच वाटा सुमारे ८५ टक्के असला तरी उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट आणि कित्येक द्रव्ये असतात, आणि जीव त्यांच्यावाचून जगत नाहीत. मत्स्यालयासाठी बनवलेले क्षारमिश्रण घ्यावे व ते आरओ यंत्राच्या शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे. वरच्या टाकीला साडेनऊ किलोच्या आसपास मिश्रण लागते. मिश्रण पाण्यात घालावे, मिश्रणावर पाणी ओतू नये. तसे केल्यास कॅल्शियमचा साका बसतो. वेगळ्या पिंपात पंप लावून ते दिवसभर घुसळू द्यावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस भरले म्हणजे समुद्र तयार झाला. आपल्या उन्हाळ्यात हे तापमान राखणे हेच सर्वांत खर्चाचे काम ठरते. समुद्रातली प्रवाळेसुद्धा पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी दीर्घकाळ तापले की आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकून पांढरी पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर घडले.

प्रवाळांचा विषय निघाला म्हणून भारतीय वाचकाने एक गोष्ट येथेच जाणून घ्यावी. परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत दिसणारे रंगीबेरंगी प्रवाळ-मत्स्यालय आपल्याकडे जसेच्या तसे उभारता येत नाही. खडक घडवणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे, तसेच समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाला आहे तेवढेच, संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते कायम आहे. गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास होऊ शकतो. मन्नारचे आखात, कच्छचे आखात, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि आपल्या मालवणच्या समुद्रातील प्रवाळभित्तींतून तोडून आणलेला ‘जिवंत खडक’ दुकानदाराने कितीही हळू आवाजात देऊ केला तरी तो घेऊ नये. जुन्या टाकीबरोबर प्रवाळाचे तुकडे मिळाले, तर ते सजावटीसाठीही ठेवू नयेत.

मग टाकीत काय ठेवायचे? कृत्रिमरीत्या बनवलेला सच्छिद्र खडक मिळतो. काही महिन्यांत जीवाणूंची वस्ती होऊन तोही एका अर्थाने जिवंत होतो. माशांमध्ये विदूषक मासा सर्वांत सोयीचा. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे, आणि महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानाने ऐरोली येथे त्याची उबवणी उभारली. टाकीत जन्मलेला मासा टाकीतले अन्न लवकर स्वीकारतो आणि त्याच्यासाठी कोणाला प्रवाळभित्तीत जाळे टाकावे लागत नाही. समुद्रफुलावाचूनही तो सुखाने राहतो.

तथापि, मासा आणण्याची घाई येथे सर्वांत महागात पडते. पाणी काचेसारखे नितळ, दिवे लागलेले, खडक रचलेला, आणि टाकी तरीही माशासाठी विषारी! मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. समुद्राचे पाणी अल्कधर्मी, त्याचा सामू ८.१ ते ८.४; अशा पाण्यात अमोनियाचे विषारी रूप गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. निसर्गात एका गटाचे जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बरेच सौम्य असते. नुकत्याच धुतलेल्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतात. सफाईने वाईटाबरोबर चांगलेही गेलेले असते. त्यांना पुन्हा वसवावे लागते. दुधाला विरजण लावल्यासारखेच हे आहे, परंतु दही एका रात्रीत लागते. हे जीवाणू दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस घेतात आणि सर्व व्यवस्था जमायला चार ते सहा आठवडे लागतात.

या काळात टाकीत मासा नसतो. सुवास किंवा साबण न मिसळलेला अमोनिया थेंबांनी घालतात, अथवा कोळंबीचा छोटासा तुकडा कुजू देतात. तपासणीच्या संचाने रोज नोंद ठेवली तर प्रथम अमोनिया चढलेला दिसतो, मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते, शेवटी तेही उतरते. दिवसाकाठी घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही शून्य दिसले, की टाकी तयार झाली. त्यानंतर पाण्याचा काही भाग बदलून वाढलेले नायट्रेट कमी करावे. मधल्या काळात खडकावर तपकिरी, मग हिरवे शेवाळ येते. अनेक जण घाबरून टाकी रिकामी करतात आणि पुन्हा पहिल्या दिवसावर येतात. दुसऱ्याच दिवशी मासे सोडता येतील असे सांगणारा विक्रेता ग्राहकाला आठवड्याभरात पुन्हा दुकानात बघतो, एवढेच.

जीवाणूंच्या मदतीला एक साधे यंत्र जोडतात, त्याला प्रोटीन स्किमर म्हणतात. गुऱ्हाळात रस उकळताना वर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात, तसेच हे यंत्र बारीक बुडबुडे सोडून पाण्यातील सेंद्रिय मळ फेसाबरोबर वर आणते आणि एका पेल्यात जमा करते. तो कुजण्यापूर्वीच बाहेर गेला म्हणजे अमोनिया तेवढा कमी तयार होतो. जुने स्किमर टाकीबरोबर मिळाले असेल तर व्हिनेगरने धुऊन ते खुशाल वापरावे.

पहिला मासा आणल्यावर त्याला तीन-चार आठवडे वेगळ्या, लहान टाकीत ठेवावे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग निघाला आणि तांब्याचे औषध द्यावे लागलेच, तर ते तेथेच द्यावे. ती टाकी, तिची बादली आणि तिची जाळी निराळी राहावी. मुख्य टाकीत सोडताना मासा असलेली पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ द्यावे. मग पिशवीत थेंबथेंब टाकीचे पाणी मिसळावे आणि मासा हलकेच जाळीत घेऊन आत सोडावा. पिशवीतले पाणी आत ओतू नये. पहिल्या दिवशी तो खडकाच्या फटीत दडून राहतो; अन्न टाकण्याचा आग्रह करू नये.

टाकीच्या बाहेरच्या बाजूस पाण्याच्या पातळीवर खुणेची एक पट्टी चिकटवलेली असावी. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच पाणी त्या खुणेच्या खाली गेलेले आढळते. बाष्प होऊन केवळ पाणी गेलेले असते, क्षार आतच असतात. म्हणून भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची. खारे पाणी घातले तर आठवड्याभरात लवणता वाढते. वरच्या कडेवर मात्र उडालेल्या थेंबांचे मीठ पांढऱ्या रेषेत साचू लागते. ते वाळून घट्ट होण्याआधी मऊ सुती कापड गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, एकाच दिशेने पुसून घ्यावे, आणि ते कापड दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये.